पाच तारे, तेरा आणे

कुणी बाहेरगावाहून परत आलं की बाकीचे लोक विचारतात, "कसा झाला प्रवास?" आमचे तात्या विचारतात, "मुक्काम कसा होता?" हा प्रश्न त्यांनी काशीहून आलेल्यांना विचारला आहे, माहेरपणाला आलेल्या लेकींना विचारला आहे, आणि शेजारचे अण्णा हृदयाचं ऑपरेशन करून घरी आले तेव्हा त्यांनाही विचारला आहे. अण्णा म्हणाले, "चार रात्री आयसीयूत होतो, तात्या." तात्यांनी चष्मा पुसला आणि बंडीच्या खिशातली वही काढली. "गार असतं म्हणत्यात तिथं. पांघरूण एक देत्यात का दोन?"

तात्या माझे सख्खे चुलते. वय ७१, राहणार चऱ्होली बुद्रुक. आळंदी आम्हाला हाकेच्या अंतरावर. माऊलींची पालखी पुण्याकडे निघाली की आमच्याच हद्दीत, वडमुखवाडीला थोरल्या पादुकांपाशी विसावते. त्यामुळे आमच्या गावात माणूस दोनच प्रकारचा निपजतो: वारीला जाणारा आणि वारीला जाणाऱ्यांना चहा पाजणारा. तात्या पहिल्या प्रकारचे. ४३ वाऱ्या पायी झाल्या. एका वारीचे अठरा मुक्काम धरले तर पावणेआठशे रात्री त्यांनी देवळात, धर्मशाळेत, शाळेच्या व्हरांड्यात, सोसायटीच्या गोदामात आणि एकदा तर उभ्या असलेल्या ऊस-ट्रॉलीखाली काढल्या. या सगळ्या रात्री त्या वहीत आहेत.

वहीत चार रकाने. पाणी, पाठ, पंगत आणि परसाकड. पाणी प्यायला, हातपाय धुवायला आणि शेजारच्याला तांब्याभर द्यायला पुरलं पाहिजे. पाठ म्हणजे पाठ टेकायची जागा: ओल नको, उतार नको, आणि मऊ तर अजिबात नको. पंगतीत वाढणारा किती वेळा "घ्या माऊली" म्हणाला ते मोजायचं. परसाकडचं मोजमाप अंतर आणि आडोसा या दोन गोष्टींवर. प्रत्येकाला चार आणे, एकूण सोळा. सरकारनं १९५७ साली दशमान नाणी आणली आणि आण्याला निरोप दिला, पण ती बातमी तात्यांच्या वहीपर्यंत पोचलेली नाही. सोळा आणे आजवर कुणालाच मिळालेले नाहीत. उच्चांक साडेपंधराचा, वाल्ह्याजवळच्या एका शाळेच्या व्हरांड्याच्या नावावर. अर्धा आणा का कापला असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "मास्तर सकाळी लवकर आलं."

शेवटी एक लहानसा रकाना 'शेरा' म्हणून. त्यात बहुतेक ठिकाणी शेजाऱ्यांच्या घोरण्याची नोंद. "डावीकडचा घोरतो. उजवीकडचा झोपेत अभंग म्हणतो, चाल चुकीची." स्वतः तात्या कसे घोरतात, ही गोष्ट दिंडीतल्या सगळ्यांना, चऱ्होलीतल्या निम्म्या गावाला आणि लोहगावहून सुखोई उडवणारे सोडले तर आसपासच्या सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त तात्यांना नाही. झोपलेल्या माणसाला कोण सांगणार?

चऱ्होली १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली. मग रस्ते रुंद झाले, जमिनीचे भाव विमानतळाकडे बघून वाढले आणि ज्या तुकड्यात तात्या कांदा लावायचे तिथं टॉवर उभे राहिले. तात्यांचंही चार खोल्या असलेलं दुमजली घर झालं. त्या घरात ते पार्किंगमध्ये सतरंजी टाकून झोपतात. त्यातल्याच एका टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर एका नव्या बिऱ्हाडाची वास्तुशांत होती, तिथं मी त्यांना घेऊन गेलो. परत येताना लिफ्टमध्येच वही निघाली. पाणी, टँकरचं, तीन आणे. पाठ, फरशी चांगली, चार. पंगत, शून्य. "ताट घेऊन उभ्यानं फिरायचं म्हंजे शिधा घेऊन पळाल्यासारखं." चौथ्या रकान्यापाशी ते अडले. "एका घरात तीन-तीन संडास? कुणी आजारी हाय का?"

असा हा माणूस मी पंचतारांकित हॉटेलात नेला, त्याची ही हकीकत.

मी चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांच्या सुट्ट्या भागांची गुणवत्ता तपासतो. कंपनीनं मला दीड वर्षासाठी स्पेनला पाठवलं होतं. एका रविवारी फोनवर मी सहज सांगितलं की तात्या, इकडंपण एक वारी असते. सान्तियागो दे कोम्पोस्तेला नावाचं गाव आहे, तिथं येशूच्या एका शिष्याची समाधी मानतात, आणि हजार वर्षं लोक तिथं पायी जातात. फोनवर बराच वेळ शांतता. मग प्रश्न आला, "मुक्काम कुठं कुठं?"

दोन महिन्यांत तात्यांचा पासपोर्ट निघाला. काकूनं एकच अट घातली: आषाढीच्या वारीआधी माणूस परत पाहिजे. तात्या मे महिन्यात उतरले ते धोतर, बंडी, पटका, गळ्यात तुळशीची माळ आणि खांद्यावर वळकटी अशा थाटात. पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. आठशे किलोमीटरची सगळी वाट चालायला माझी रजा आणि माझे गुडघे दोन्ही अपुरे होते. पण निदान शेवटचे शंभर किलोमीटर चालले की तिथलं प्रमाणपत्र मिळतं, म्हणून आम्ही सारिया गावापासून निघालो. पोर्तोमारीन, पालास दे रेई, आर्सुआ, ओ पेद्रोउसो. ही नावं मला अजूनही वाचून म्हणावी लागतात. तात्यांना दुसऱ्या दिवशी पाठ होती, लोणंद-तरडगाव-फलटणच्या चालीवर.

वाटेवर जागोजाग पिवळे बाण काढलेले. "आपल्याकडं एवढे बाण काढले असते तर त्यावर उमेदवाराचं नाव आलं असतं," तात्या म्हणाले. यात्रेकरूच्या पुस्तिकेवर रोज निदान दोन शिक्के घ्यावे लागतात. चर्चमध्ये शिक्का, चहाच्या टपरीवर शिक्का, कुणी काही विचारत नाही, कागद मागत नाही. तात्यांना ही गोष्ट इतकी नवलाची वाटली की त्यांनी एकाच टपरीवर तीन मारून घेतले. "सातबाराला असं झालं असतं तर माझी चपलांची दोन जोडं वाचली असती."

रात्री यात्रेकरूंच्या धर्मशाळेत. दहाएक युरोत एक खाट, वर आणखी एक खाट, दहाला दिवे बंद, सकाळी आठच्या आत खोली रिकामी. तात्या खुलून गेले. चौदा आण्यांच्या खाली एकही मुक्काम गेला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला उठून बघतात तर आमच्या खोलीतले बावीस जण वळकट्या घेऊन बाहेर बाकांवर बसलेले. तात्या भारावून म्हणाले, "बघ, ह्यांची शिस्त. आपल्या आधी उठून बसल्यात." मी मान हलवली. डोळे लाल झालेला एक कोरियन मुलगा माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होता, तिचं भाषांतर मी केलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी सान्तियागोच्या मोठ्या चौकात पोचलो. समोर कॅथेड्रल. तात्यांनी चौकातच लोटांगण घातलं, आणि त्यांना बघून एका पोलिश बाईंनीही घातलं. आत गेल्यावर लोक जिना चढून वेदीमागून जातात आणि त्या संताच्या मूर्तीला पाठीमागून मिठी मारतात. तात्या ओळीत उभे राहिले, मिठी मारली, खाली आले. "आपण पायावर डोकं ठेवतो, ही गळ्यात पडत्यात. ओळख जास्त दिसती."

त्याच चौकाच्या एका अंगाला, दगडात जाळीचं कोरीवकाम केलेल्या दरवाज्याची एक लांबलचक इमारत आहे. ही मी आधीपासून ठरवून ठेवली होती. राणी इसाबेला आणि राजा फर्नांदो यांनी १४९९ साली आज्ञा देऊन ती बांधायला लावली, थकल्या-आजारी यात्रेकरूंसाठी. चार चौक आहेत, चार शुभवर्तमानं लिहिणाऱ्यांच्या नावांचे. मधोमध प्रार्थनागृह, म्हणजे आजाऱ्याला खाटेवर पडल्या पडल्या पूजा दिसावी. साडेचारशे वर्षं ती धर्मशाळा आणि दवाखाना म्हणून चालली. १९५४ मध्ये तिचं हॉटेल झालं. आता पंचतारांकित. एका रात्रीचे किती पडतात ते तात्यांना सांगायचं नाही, असं माझं आणि काकूचं फोनवर ठरलं होतं.

मी हा इतिहास सांगितल्यावर तात्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे तिकडची अहिल्याबाईच की!" मग शंका. "आता चालवतं कोण?" म्हटलं, सरकारी कंपनी आहे, जुने किल्ले, मठ, वाडे घेऊन हॉटेलं चालवते, १९२८ पासून. "आपल्या एमटीडीसीसारखी?" म्हटलं, तशीच समजा. तात्यांनी ताबडतोब वळकटीतून स्वतःची चादर काढून वर ठेवली.

दारातल्या टोपीवाल्यानं वळकटी घ्यायला हात पुढे केला. तात्यांनी त्याचा हात हातात घेतला, वाकून पाया पडले आणि म्हणाले, "माऊली." त्यालाही वाकावं लागलं. मागचे पाहुणे थांबून राहिले. वर खोलीत गेलो तर चार खांबांवर छत असलेला पलंग. तात्यांनी खाली वाकून पाहिलं, वर पाहिलं. "मच्छरदाणीची सोय केलीय. म्हंजे डास असणार." उशीवर चांदीच्या कागदातलं चॉकलेट होतं. त्यांनी ते कपाळाला लावून तोंडात टाकलं. न्हाणीघरात पांढरा जाड झगा टांगलेला. "सोवळंपण देत्यात!" संडासाशेजारी तसंच दिसणारं दुसरं एक बुटकं भांडं होतं, नळ लावलेलं. त्याचा उपयोग मी सांगायच्या आत तात्यांनी काठावर बसून त्यात दोन्ही पाय सोडले होते. पाच दिवसांच्या चालीनंतर कोमट पाणी घोट्यापर्यंत आलं आणि त्यांनी डोळे मिटले. "पाचशे वर्षापूर्वी बांधलं पण वारकऱ्याचं पाय धुवायचं इसरलं न्हाईत," म्हणाले. मी गप्प राहिलो. काही गैरसमज सुधारण्यासारखे नसतात.

रात्री जेवणघरात. वेटर म्हणाला, पूर्वी इथं तबेला होता. तात्यांनी विचारलं, "वारीतल्या शितोळ्यांच्या घोड्यासारखी मानाची घोडी बांधीत काय?" वेटरनं हसून मेणबत्ती लावली. प्रत्येक टेबलावर दोन माणसं, एक मेणबत्ती आणि इतकी शांतता की माझं गिळणं मला ऐकू येत होतं. माळकरी माणसाला चालेल असं त्या यादीत फार नव्हतं. ब्रेड, टोमॅटो, बटाटे आणि तळून मीठ भुरभुरलेल्या पाद्रोन गावच्या हिरव्या मिरच्या. या मिरच्यांची ख्याती अशी की काही झोंबतात, काही नाही. तात्यांनी अख्खी थाळी संपवली आणि शेवटच्या देठाकडे खिन्नपणे पाहिलं. "एकबी न्हाई झोंबली. ही मिरची का भेंडी?" पण खरं दुःख निराळं होतं. वाढणाऱ्यानं एकदाही आग्रह केला नाही. ताट उचलायला मात्र तो तीनदा आला.

पलंगाशी त्यांची लढत मी रात्रभर ऐकली. म्हैस डबक्यात बसावी तसे ते गादीत रुतले. शेवटी उतरून दगडी फरशीवर चादर अंथरली. पावणेचारला जाग आली तर चादर रिकामी. मी धावत खाली गेलो. चौकात, कारंज्यापाशी, पांढरा झगा घालून तात्या चिपळ्या वाजवत काकडा म्हणत होते. दगडी कमानींखाली तो आवाज असा घुमत होता, जणू चारी चौकांतून कुणी साथ देतंय. रात्रीचा पहारेकरी आला आणि त्यानं ओठांवर बोट ठेवलं. तात्यांनीही ओठांवर बोट ठेवलं आणि वाकले. त्यांना वाटलं, इथली नमस्काराची रीत असेल.

झोप मोडलीच होती, म्हणून मग प्रमाणपत्राच्या कचेरीकडे निघालो. जगात कुठलीही रांग पहाटे चारला उठणाऱ्यासाठी लांब नसते. कचेरी उघडली तेव्हा तात्या पहिले. कुठल्या कारणानं चाललात, धार्मिक की अन्य, असं विचारल्यावर त्यांनी माळ दाखवली. प्रमाणपत्र लॅटिनमध्ये होतं. तात्यांनी ते डोक्याला लावलं. "संस्कृतच दिसतंय. एक अक्षर कळत न्हाई."

आणि मग ती गोष्ट कळली. ही धर्मशाळा हॉटेल झाली तरी जुना शिरस्ता पुरता मोडलेला नाही. रोज कचेरीत पोचलेल्या पहिल्या दहा यात्रेकरूंना त्या पंचतारांकित हॉटेलकडून आजही एक जेवण फुकट मिळतं. माझ्या खिशात दोन माणसांच्या मुक्कामाचं बिल होतं, आणि तात्यांच्या हातात फुकट जेवणाची चिठ्ठी.

"तात्या, आपण तिथले पैसे भरलेले पाहुणे आहोत," मी म्हटलं.

"पाव्हणा रातचा. सकाळचा वारकरी," म्हणाले, आणि चालू लागले.

दहांत पोलिश बाई होत्या, लाल डोळ्यांचा कोरियन मुलगा होता, एक जर्मन म्हातारा होता आणि बाकीचे स्पॅनिश. एकच लांब टेबल. तात्या आत शिरले आणि वाढप्याच्या हातातली ब्रेडची टोपली त्यांनी काढून घेतली. मग एका टोकापासून निघाले. "घ्या माऊली. आणखी एक. असं कसं, अर्धा तरी." कुणाला शब्द कळत नव्हता, पण नको म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. दुसऱ्या फेरीला चटणीचा डबा निघाला. पोलिश बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. जर्मन म्हाताऱ्यानं घाम पुसत पुन्हा मागितली. कोरियन मुलानं डब्याच्या तळाशी बोट फिरवलं आणि पहिल्यांदा तात्यांकडे बघून हसला. वाढपी दाराशी उभा राहून पाहत होता. तात्यांनी त्याला दंडाला धरून बसवलं आणि त्याच्या ताटात चार बटाटे घातले.

त्या पानावर नोंद आहे: पाणी, रात्रभर गरम, चार. पाठ, एक, तोही फरशीचा. परसाकड, चार, पाय धुण्याची वेगळी व्यवस्था. पंगत, रात्रीची शून्य, दुसऱ्या दिवशीची चार. एकूण तेरा. म्हणजे चौकातल्या पाच ताऱ्यांची किंमत आमच्या चऱ्होलीच्या हिशेबात तेरा आणे, वाटेवरच्या दहा युरोवाल्या खाटेपेक्षा एक आणा कमी.

आषाढीआधी मी माणूस परत केला. त्यानंतरची दिवाळी उलटल्यावर आमच्या ओसरीवर एक तरुण आला. दाढी कोरलेली, लॅपटॉप पापडासारखा पातळ. आळंदीतल्या एका जुन्या लहानशा धर्मशाळेच्या विश्वस्त मंडळावर तात्या आहेत, तिचं त्याला "स्पिरिच्युअल हेरिटेज स्टे" करायचं होतं. त्यानं चित्रं दाखवली. हॉलंडमध्ये मास्ट्रिख्टला पंधराव्या शतकातल्या मठाचं २००५ मध्ये हॉटेल झालं. सिसिलीत ताओर्मिनाचा डॉमिनिकन मठ १८९६ पासून हॉटेल आहे. पेरूत कुस्कोला पाद्र्यांच्या जुन्या पाठशाळेत आता श्रीमंत लोक राहतात. आणि लांब कशाला, सासवडजवळ जाधवगड, तेरेखोलचा किल्ला, आतल्या चर्चसकट.

तात्या शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "स्पेनचं हाय का ह्यात? तिथं मी ऱ्हायलोय."

तरुणाची बोटं थांबली.

"किती वर्षांचा करार?"

"तीस वर्षांचा, काका."

"१९५० चा विश्वस्त कायदा, कलम ३६. इमारत तीन वर्षांच्या वर भाड्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागती." हे कलम तात्यांना हरिपाठासारखं पाठ आहे. "पर ते राहू द्या. पहिल्या दहाचं काय?"

कुठले पहिले दहा, ते मी समजावून सांगितलं. तरुण खूश झाला. दहा ताटं म्हणजे ब्रँडिंगला उत्तम, म्हणाला, भिंतीवर फोटो लावता येतील.

"आरं, कार्तिकीला आळंदीत लाखानं माणूस येतं. त्यातलं पहिलं दहा कोण, ते ठरवायचं कुणी? आणि फुकट ताट म्हटल्यावर आमच्या चऱ्होलीचीच धा जणं आदल्या रात्री फॉर्च्युनर लावून बसतील." ओसरीवरचे दोघे-तिघे खाली बघू लागले. "तिकडचं मठ रिकामं पडलं, म्हणून तिथं पलंग मावलं. आपल्या धर्मशाळेत आज रातच्याला जा. पाय ठेवायला जागा असली तर तिथंच तुझा करार करू."

तरुण चहा घेऊन गेला. तात्यांनी त्याला निघताना विचारलं, "पुण्यात मुक्काम कुठं?" त्यानं एका मोठ्या हॉटेलचं नाव सांगितलं. तात्यांनी वही काढली, पण माहिती पुरेशी मिळाली नाही.

त्या संध्याकाळी वही ओसरीवरच राहिली. मी चाळली. कुठल्या मुक्कामाला किती, बघता बघता एका पानावर आमचंच घर सापडलं. "चऱ्होली, स्वतःचं घर. पाणी तीन. पाठ चार, पार्किंग. परसाकड चार. पंगत: जो तो आपल्या खोलीत मोबाईल घेऊन जेवतो. शून्य." एकूण अकरा आणे. स्पेनच्या सरकारी हॉटेलापेक्षा दोन आणे कमी. मी जरा वरमलो. काल रात्री मीच ताट घेऊन वर गेलो होतो.

पण शेऱ्याच्या रकान्यात अक्षर तात्यांचं नव्हतं. मोठं, सुटं, रेघ सोडून चाललेलं. काकूचं. ती लिहायला शिकली प्रौढ वर्गात, आणि लिहायला तिला आजवर फारसं काही लागलेलं नाही. तिनं लिहिलं होतं:

"शेजारचा घोरतो. ४८ वर्षं. सोळा आणे."